युद्ध आणि त्यानंतरचे सहा महिने: भारत संरक्षण कायद्याची पार्श्वभूमी

'भारत संरक्षण कायदा' या एकाच नावाने आपल्याकडे चार वेळा कायदा झाला: १९१५, १९३९, १९६२ आणि १९७१. पहिले दोन ब्रिटिशांचे, पुढचे दोन आपल्या संसदेचे. चौघांतही मुदतीचे कलम जवळपास सारखे आहे. युद्ध किंवा आणीबाणी चालू असेपर्यंत आणि त्यानंतर सहा महिने. कागदावर ही सवलत वाटते, कारण कायदा आपोआप संपणार असतो. प्रत्यक्षात हे सहा महिने खात्यांना निवडीसाठी मिळतात. युद्धकाळातले कोणते अधिकार सोडायचे आणि कोणते कायमच्या कायद्यात उचलून ठेवायचे, हे त्या मुदतीत ठरते. पार्श्वभूमी समजून घ्यायची तर युद्धाच्या तारखांपेक्षा या सहा महिन्यांच्या तारखा पाहाव्यात.

१९१५ चा कायदा गदर चळवळ (परदेशस्थ भारतीयांनी उभारलेली सशस्त्र ब्रिटिशविरोधी चळवळ) डोळ्यांसमोर ठेवून आला. तीन आयुक्तांचे विशेष न्यायाधिकरण आणि त्याच्या निकालावर अपील नाही, हा त्याचा गाभा. लाहोर कटाच्या पहिल्या खटल्यात २४ जणांना फाशी सुनावली गेली. व्हाइसरॉय हार्डिंग यांनी त्यांतल्या १७ जणांची शिक्षा कमी केली आणि सात जण फासावर गेले. १६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरला कर्तारसिंग सराभा यांच्याबरोबर तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळेही होते. याच काळात अहमदनगरला जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिकांची छावणी उघडली गेली. सरकारविरोधी देशी माणूस आणि शत्रुराष्ट्राचा परका माणूस यांच्यासाठी तेव्हा दोन वेगळ्या चौकटी होत्या, हे लक्षात ठेवायला हवे, कारण पुढे त्या एकमेकींत मिसळल्या.

युद्ध संपण्याआधीच, डिसेंबर १९१७ मध्ये, न्यायमूर्ती रौलेट यांची समिती नेमली गेली. कायदा संपल्यावर काय करायचे, हाच तिच्यापुढचा खरा प्रश्न. उत्तर मार्च १९१९ मध्ये रौलेट कायद्याच्या रूपाने आले आणि १३ एप्रिलला जालियनवाला बाग घडली. कायदा १९२२ मध्ये मागे घेतला गेला. युद्धकालीन अधिकार उघडपणे, त्याच नावाने लांबवायला गेले की लोक उठतात, हा धडा सरकारने घेतला. पुढच्या वेळी काम गुपचूप आणि तुकड्यातुकड्यांनी झाले.

१९३९ मध्ये कायद्यापेक्षा नियम महत्त्वाचे ठरले. लोकांच्या तोंडी 'डीआयआर' (डिफेन्स ऑफ इंडिया रूल्स) बसले ते यामुळेच. नियम २६ खाली खटल्याशिवाय स्थानबद्ध करता येत होते. २२ एप्रिल १९४३ रोजी केशव तळपदे यांच्या प्रकरणात फेडरल कोर्टाने हा नियमच अवैध ठरवला. मुद्दा बारीक होता. मूळ कायद्याने अधिकार दिला होता तो ज्याच्यावर 'वाजवी संशय' आहे अशा माणसाला अटकेत ठेवण्याचा, नियमात मात्र सरकारचे नुसते 'समाधान' झाले की पुरत होते. संशय वाजवी आहे का, हे न्यायालय तपासू शकते, समाधानाच्या आत डोकावता येत नाही. सरकारने आठवड्याच्या आत वटहुकूम काढून कायदाच मागच्या तारखेपासून बदलला. पुढे बंगालमधल्या शिबनाथ बॅनर्जी प्रकरणात गृहखात्याच्या अधिकाऱ्याच्या प्रतिज्ञापत्रातून बाहेर आले की पोलिसांची शिफारस आली की आदेश सरसकट निघत. म्हणजे ते समाधानसुद्धा कुणाचे झालेच नव्हते. स्थानबद्धतेचे आदेश कुठे फसतात, हे शिकायला हे दोन निकाल आजही पुरेसे आहेत.

हा कायदा सप्टेंबर १९४६ मध्ये संपला. त्याच वर्षी काय काय उभे राहिले पाहा. रेशन आणि साठेबाजीवरचे नियंत्रण अत्यावश्यक पुरवठा कायद्यात गेले आणि तिथून १९५५ च्या अत्यावश्यक वस्तू कायद्यात. युद्धखात्याच्या खरेदीतली लाचखोरी पकडायला काढलेली पोलिसांची खास शाखा 'दिल्ली विशेष पोलीस आस्थापना' झाली. १९६३ मध्ये जन्मलेली सीबीआय आजही त्याच १९४६ च्या कायद्यावर चालते. आणि परकीय नागरिक कायदा, १९४६. त्याचे कलम ९ सांगते की आपण परके नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या माणसाचीच. २०२५ मध्ये नवा इमिग्रेशन अँड फॉरेनर्स कायदा आला, जुना रद्द झाला, पण ही उलटी जबाबदारी तशीच राहिली.

आता १९६२. २० ऑक्टोबरला चीनचा हल्ला झाला, २६ ऑक्टोबरला पहिली राष्ट्रीय आणीबाणी आणि त्याच दिवशी भारत संरक्षण वटहुकूम. ३ नोव्हेंबरला राष्ट्रपतींनी कलम ३५९ खाली आदेश काढून कलम २१ (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य) आणि २२ (अटकेतले संरक्षण) साठी न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद केला. ११ नोव्हेंबरला कलम १४ (समानता) त्यात जोडले गेले. मूलभूत हक्क रद्द झाले नाहीत, फक्त त्यांची दाद मागता येईना. कायद्याच्या वर्गात हा फरक मोठा मानतात. तुरुंगातल्या माणसाला तो फारसा जाणवत नसावा.

या आदेशात एक अट होती आणि तिनेच पुढे बरेच काही वाचवले. हक्क हिरावला गेला असेल तो या वटहुकुमाखाली किंवा त्याच्या नियमांखाली, तरच दाद बंद. सप्टेंबर १९६५ मध्ये, पाकिस्तानशी युद्ध पेटलेले असताना, सर्वोच्च न्यायालयाने या अटीचा काटेकोर अर्थ लावला. मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेल्या प्रभाकर संझगिरी यांनी 'अणूच्या अंतरंगात' हे मराठी विज्ञानपुस्तक लिहिले होते. हस्तलिखित छपाईसाठी बाहेर पाठवायला महाराष्ट्र सरकारने नकार दिला. सरकारचा युक्तिवाद असा की स्थानबद्धाला नियमांनी दिले तेवढेच हक्क असतात. न्यायालयाने तो उलटवला: नियमांनी काढून घेतले नाही ते त्याच्याकडेच राहते. पुस्तक लिहू नये असा नियमच नव्हता, म्हणून नकाराला आधार नव्हता आणि दादही बंद नव्हती. त्याच सुमारास राममनोहर लोहिया सुटले ते दोन शब्दांच्या फरकावर. नियमात 'सार्वजनिक सुव्यवस्था' होती, पाटण्याच्या जिल्हाधिकाऱ्याने आदेशात 'कायदा आणि सुव्यवस्था' लिहिले. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी यासाठी एकात एक तीन वर्तुळे मांडली. सर्वांत मोठे कायदा-सुव्यवस्थेचे, त्यात सार्वजनिक सुव्यवस्थेचे, सर्वांत आत राज्याच्या सुरक्षिततेचे. मोठ्या वर्तुळातल्या कारणासाठी आतल्या वर्तुळाचा अधिकार वापरता येत नाही.

चिनी वंशाच्या भारतीयांना अशी फट मिळाली नाही, कारण त्यांच्यासाठी व्याख्याच बदलली गेली. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे २६ जानेवारी १९५० नंतर भारतात जन्मलेले मूल तेव्हा जन्मानेच नागरिक होते, आईबाप कुणीही असोत. कोलकाता, शिलाँग किंवा आसामातल्या माकुममध्ये जन्मलेली चिनी घरातली मुले त्यात बसत. माकुमची वस्ती तर चहाच्या मळ्यांवर आणलेल्या चिनी कामगारांची, एकोणिसाव्या शतकातली. १९६२ च्या परकीय नागरिक विषयक दुरुस्तीने १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याची कलमे अशा कुणालाही लागू केली, ज्याच्या आईवडिलांपैकी किंवा आजी-आजोबांपैकी एक जण कधीही आक्रमक देशाचा नागरिक होता. 'कधीही' हा शब्द महत्त्वाचा. पासपोर्ट नको, काही केल्याचा आरोप नको, आजोबा पुरे. १९१५ च्या त्या दोन चौकटी इथे एक झाल्या.

१९ नोव्हेंबरपासून अटका सुरू झाल्या. चीनने एकतर्फी युद्धविराम केला २१ नोव्हेंबरला, तरीही त्या थांबल्या नाहीत. सुमारे तीन हजार लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेले गेले. आसामातून निघालेल्या गाडीला जवळपास आठवडा लागला. देवळी हे नाव जुनेच. १९४१ मध्ये ब्रिटिशांनी जयप्रकाश नारायण आणि श्रीपाद अमृत डांगे यांना तिथेच ठेवले होते, नंतर तिथे जपानी नागरिक होते. जागा तीच, सरकार आपले. १९६३ मध्ये चीनने पाठवलेल्या जहाजांतून दोन हजारांहून अधिक लोक गेले, त्यांतल्या अनेकांनी चीन कधी पाहिलाही नव्हता. शेवटचे सुटायला १९६७ उजाडले. बाहेर राहिलेल्यांनाही परवान्याशिवाय गाव २४ तासांपेक्षा जास्त सोडता येत नव्हते.

आपले कोण, हे ठरवण्याची दुसरी बाजू शाळेत चालू होती. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवरची 'भारत माझा देश आहे' ही प्रतिज्ञा १९६२ मध्ये विशाखापट्टणमला तेलुगूत लिहिली गेली. लेखक पैदिमर्री वेंकट सुब्बाराव, पेशाने जिल्हा कोषागार अधिकारी. २६ जानेवारी १९६५ पासून ती देशभर म्हटली जाऊ लागली. तिच्यात शत्रूचा उल्लेख नाही, 'सारे भारतीय माझे बांधव' आहेत. ज्या वर्षी ती लिहिली गेली, त्याच वर्षी आजी-आजोबांचे कलम आले. १९६३ मध्ये महाविद्यालयांत एनसीसी सक्तीची झाली आणि सोळाव्या घटनादुरुस्तीने 'भारताची सार्वभौमता आणि एकात्मता' हे भाषणस्वातंत्र्यावरच्या निर्बंधाचे नवे कारण आणले. उमेदवाराच्या शपथेतही ते शब्द आले. रोख द्रविडनाडूच्या, म्हणजे दक्षिणेत वेगळ्या देशाच्या मागणीवर होता आणि द्रमुकने ती सोडलीही.

डीआयआरचा वापर तोवर सीमेपासून दूर पोचला होता. जानेवारी १९६३ च्या सुवर्ण नियंत्रण नियमांनी १४ कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी केली. परकीय चलन वाचवणे हा हेतू, पण बडगा बसला गल्लीतल्या सोनारावर. मंगळसूत्राचा वाटी-मणी हा देशाच्या संरक्षणाचा विषय कसा, असे विचारायची सोय नव्हती.

आणीबाणी अखेर १० जानेवारी १९६८ ला उठली. त्याच्या अकरा दिवस आधी, ३० डिसेंबर १९६७ ला, सोळाव्या दुरुस्तीच्या पायावर बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा म्हणजे यूएपीए झाला. डीआयआर १० जुलै १९६८ ला संपणार होते. जूनअखेर सुवर्ण नियंत्रणाचा वटहुकूम निघाला, त्याचा पुढे कायदा झाला आणि तो १९९० पर्यंत टिकला. ६ जुलैला शत्रू संपत्तीचा वटहुकूम निघाला, म्हणजे मुदत संपायला चार दिवस उरले असताना.

१९७१ ची पुनरावृत्ती थोडक्यात सांगता येते. ३ डिसेंबरला आणीबाणी, नवा संरक्षण कायदा, त्याआधी जुलैमध्येच मिसा, म्हणजे खटल्याशिवाय स्थानबद्धतेचा कायदा. युद्ध दोन आठवड्यांत संपले, आणीबाणी मार्च १९७७ पर्यंत राहिली आणि जून १९७५ ची दुसरी तिच्यावर चढली. २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशात मात्र १९६२ ची ती अट वगळलेली होती. संझगिरींना वाचवणारी फट बुजली. २८ एप्रिल १९७६ च्या एडीएम जबलपूर निकालात चार विरुद्ध एक मतांनी हेबियस कॉर्पसचे, म्हणजे बेकायदा अटकेविरुद्ध न्यायालयात जाण्याचे दार बंद झाले. एकटे न्यायमूर्ती हंसराज खन्ना वेगळे. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने कलम २० आणि २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत असे ठरवले. १९९९ च्या कारगिल युद्धात आणीबाणी जाहीरच झाली नाही.

शत्रू संपत्तीचे प्रकरण सर्वांत लांबले. सप्टेंबर १९६५ मध्ये डीआयआरखाली पाकिस्तानी नागरिकांच्या मालमत्ता कस्टोडियनकडे, म्हणजे त्या सांभाळणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे गेल्या होत्या, १९६८ च्या कायद्याने त्या तिथेच ठेवल्या. महमूदाबादच्या राजांनी १९५७ मध्ये पाकिस्तानचे नागरिकत्व घेतले होते, मुलगा भारतीयच राहिला. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलाच्या बाजूने निकाल दिला: भारतीय नागरिक वारस 'शत्रू' नाही. तळपदे प्रकरणासारखेच झाले, फक्त सावकाश. आधी २०१० चा वटहुकूम, मग २०१६ मध्ये एकामागून एक पाच, आणि मार्च २०१७ मध्ये मागच्या तारखेपासून लागू होणारी दुरुस्ती. आता शत्रूचा कायदेशीर वारस भारतीय नागरिक असला तरी तो व्याख्येत शत्रूच. मूळ शत्रू वारला, त्याने राष्ट्रीयत्व बदलले, तरी मालमत्ता कस्टोडियनकडेच राहते. २०१८ च्या सरकारी आकड्यांप्रमाणे पाकिस्तानला गेलेल्यांच्या अशा ९,२८० मालमत्ता होत्या आणि चीनला गेलेल्यांच्या १२६.