मशीनमधला ओव्हरलॉक टाका आणि ओव्हरलॉक मशीन: घरासाठी नक्की काय घ्यायचं?

घरासाठी शिलाई मशीन बघायला लागलं की निम्म्या खोक्यांवर 'ओव्हरलॉक' लिहिलेलं दिसतं, आणि वाटतं की चला, शिवूनही होईल आणि आतल्या कडांचे दोरेही सुटणार नाहीत, मग वेगळं ओव्हरलॉक मशीन कशाला हवं. आणि काहीजण बरोब्बर उलट करतात, ओव्हरलॉक मशीनच (इंटरलॉक म्हणतात तेच) पहिलं मशीन म्हणून घेऊन येतात आणि मग चेन लावायची वेळ आली की अडकतात.

खोक्यावर जे लिहिलेलं असतं तो ओव्हरलॉकसारखा दिसणारा टाका आहे, बस. साध्या घरगुती मशीनला दोरे दोनच, एक वरून सुईतून आणि एक खालून बॉबिनमधून. खालचा हूक सुईच्या दोऱ्याचा फास पकडतो, बॉबिनभोवती फिरवून आणतो आणि दोन्ही दोरे कापडाच्या जाडीत एकमेकांत अडकतात. इलायस हाऊने १८४६ मध्ये याच प्रकारच्या टाक्याच्या मशीनचं पेटंट घेतलं होतं, आणि आजच्या कॉम्प्युटरवाल्या मशीनमध्येसुद्धा मूळ टाका तोच आहे. झिगझॅग करा, पानाफुलांची नक्षी काढा नाहीतर 'ओव्हरलॉक' निवडा, फरक एवढाच की सुई डावीउजवीकडे सरकते आणि काही टाक्यांत खालचे, कापड सरकवणारे दाते ते पुढे-मागे नेतात.

ओव्हरलॉक मशीनमध्ये बॉबिन नसतेच. खाली दोन लूपर असतात, वाकड्या आकड्यांसारखे, वर एक किंवा दोन सुया, म्हणजे तीन नाहीतर चार दोरे. सुईच्या पुढ्यात सुरी असते, ती कापडाची जास्तीची कड कापत जाते आणि लगेच मागे लूपर त्या ताज्या कडेवर दोरा गुंडाळतात. गुंडाळताना मध्ये धातूची एक बारीक जीभ असते म्हणून कड आत चुरगळत नाही. घरगुती मशीनच्या ओव्हरलॉक फूटला (फूट म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणारा भाग) मध्ये जी बारीक तार दिसते ना, ती हेच काम करते, पण कापणारं कोणी नसतं, माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) तुम्हालाच कात्रीने सारखी करायची. आणि हो, तो फूट लावल्यावर टाक्याची रुंदी साधारण ५ मिमीच्या खाली आणू नका आणि सरळ टीप तर मुळीच नको, सुई तारेवर आपटून तुटते.

आता कामात फरक किती पडतो? कॉटन, लिनन, पडद्याचं कापड, उशीचे अभ्रे असलं काही शिवत असाल तर मला विचाराल तर काहीच नाही. घरगुती मशीनवर तीन टप्प्यांचा झिगझॅग येतो (प्रत्येक तिरक्या रेघेत तीन छोटे टाके असतात तो), तो कडेवर मारला की दोरे सुटत नाहीत आणि पातळ कापड साध्या झिगझॅगसारखं गोळा होत नाही. खोक्यावरच्या 'ओव्हरलॉक'पेक्षा मला हाच जास्त कामाचा वाटतो. आतून दिसायला दुकानातल्या कपड्यासारखं नाही दिसत, पण आतून बघतंय कोण.

खरा फरक टी-शर्टच्या, लेगिंग्जच्या, ताणल्या जाणाऱ्या कापडात. तिथे ओव्हरलॉक फार पुढे आहे. चार दोऱ्यांची शिवण कापडाबरोबर ताणली जाते, तुटत नाही, आणि जोडणं, कापणं, कड बांधणं एकाच वेळी होतं. शिवाय तिथे दात्यांचे दोन संच असतात आणि त्यांचा वेग वेगवेगळा ठेवता येतो, पुढच्यांचा मागच्यांच्या साधारण ०.७ पटीपासून २ पटीपर्यंत. पुढचे दाते जास्त वेगाने चालवले की ताणणारं कापड लाटांसारखं फुगत नाही, कमी केले की झुळझुळीत कापडाला चुण्या पडत नाहीत. ही सोय साध्या मशीनमध्ये नसते. तिथे बॉलपॉइंट (गोलसर टोकाची) सुई, अरुंद झिगझॅग आणि फूटचा दाब कमी करणं एवढ्यावर भागवायचं, आणि भागतंही, फक्त वेळ लागतो.

पण ओव्हरलॉकवर काज होत नाही, चेन लागत नाही, कापडाच्या मध्यातून टीप जात नाही, खिसा वरून शिवता येत नाही. म्हणजे ते एकटं असून चालत नाही, साधं मशीन लागतंच. दोरा भरपूर खातं, ओवायचा क्रम चुकला की टाकाच बनत नाही, आणि सुरी एकदा फिरली की कापलं ते कापलं, टाचणी राहिली तर सुरीचीही वाट लागते. वेग पण मिनिटाला १३०० टाक्यांच्या आसपास किंवा वरच, नवशिक्याला जरा धडकी भरते.

म्हणून बजेट एकाच मशीनचं असेल तर साधं मेकॅनिकल झिगझॅग मशीन घ्या, आणि टाके किती हे मोजत बसू नका. शंभर टाक्यांपैकी वापरले जातात सरळ, झिगझॅग, तीन टप्प्यांचा झिगझॅग आणि काज. त्यापेक्षा आतली चौकट धातूची आहे का, फूटचा दाब कमीजास्त करता येतो का, टाक्याची लांबी आणि रुंदी वेगवेगळी बदलता येते का, सुया १३०/७०५ एच या नेहमीच्याच बसतात का, आणि जवळपास कोणी दुरुस्त करून देतं का, हे बघा. ओव्हरलॉकचं मग बघू, ताणणारे कपडे खरंच सारखे शिवायला लागलात तर.

विकत घेताना दुकानदार कडक सुती तुकड्यावर टीप मारून दाखवतो, त्यावर कुठलंही मशीन छानच चालतं. घरून स्वतःचे तुकडे न्या, एक पातळ, एक टी-शर्टचा आणि जीन्सचा चार घड्या घालून. पातळवर कड गोळा होते का बघा, टी-शर्टवर झिगझॅग मारून जोरात ताणून बघा, आणि जीन्सवर अगदी हळू चालवा, कारण जोरात कुठलंही मशीन जातं, हळू चालवताना मोटर अडकते की नाही ते कळतं. ओव्हरलॉक फूट खोक्यात आहे की वेगळा घ्यायचा हेही तेव्हाच विचारून टाका.