जुन्या बँक-थरारकथेतील ‘बीआर’ : पार्श्वभूमी

मुंबईत फोर्टच्या पदपथावर किंवा पुण्यात अप्पा बळवंत चौकातील जुन्या पुस्तकांच्या दुकानात, पहिल्या पानावर पेन्सिलीने किंमत टाकलेली, 1992 च्या रोखे घोटाळ्यावर बेतलेली एखादी थरारकादंबरी हाती लागली, तर आजचा वाचक ‘बीआर’ या शब्दापाशी हमखास अडखळेल. कथानक याच कागदाभोवती फिरणार, पण हा कागद म्हणजे नेमके काय, हे सांगण्याची गरज तेव्हाच्या लेखकाला भासली नसेल. त्याच्या वाचकांनी त्याविषयी महिनोन्‌महिने वर्तमानपत्रांत वाचलेले होते.

बीआर म्हणजे बँक रिसीट. मराठीत तिला ‘पावती’ म्हटले की गोंधळ सुरू होतो, कारण आपल्याकडे पावती मिळाली की व्यवहार पुरा झाला असे मानतात, तर बीआर हातात असणे म्हणजे तो अर्धाच झाला आहे. रोखे, म्हणजे प्रामुख्याने सरकारची कर्जपत्रे, विकणारी बँक पैसे घेई आणि लिहून देई की, अमुक रक्कम मिळाली, अमुक रोखे तयार होताच या कागदाच्या बदल्यात दिले जातील आणि तोवर ते खरेदीदाराच्या वतीने आमच्याकडे राहतील. पैशांपुरती ती पावती होती, रोख्यांपुरते मात्र निव्वळ वचन. ती दुसऱ्याच्या नावे करता येत नसे आणि तिच्यामागे खरोखरचे रोखे असणे गृहीत होते. प्रत्यक्षात बँका तिलाच रोखे समजून व्यवहार करू लागल्या.

या कागदाची गरज का पडली, हा प्रश्न माझ्या मते अधिक महत्त्वाचा आहे. सरकारी रोख्यांची खातेवही रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात हाताने लिहिली जाई, नोंदी उशिरा होत, आणि खात्यात शिल्लक नसल्याने हस्तांतराचे अर्ज परतही येत. चर्चेचा सारा प्रकाश एका दलालावर पडला आणि हा विलंब अंधारात राहिला, हे न्याय्य नाही.

आज विकून ठरल्या दिवशी ठरल्या भावाने परत घेण्याच्या ‘रेडी फॉरवर्ड’ सौद्यांत, म्हणजे खरे तर अल्पमुदतीच्या कर्जात, दलाल मधे असे. बँकेच्या नावाचा धनादेश प्रघात म्हणून दलालाच्या खात्यात जमा होई. दोन लहान बँकांनी, त्यांतली एक मूळची सातारा जिल्ह्यातली, मागे रोखे नसतानाही बीआर दिल्या. त्यांवर उचललेला पैसा दलालामार्फत शेअर बाजारात गेला. 1990 च्या जुलैत 1,000 च्या आसपास असलेला निर्देशांक एप्रिल 1992 मध्ये 4,400 च्या पुढे पोचला. 23 एप्रिलला एका बड्या सरकारी बँकेतील तुटीची बातमी छापून आली. चौकशी समितीने घोटाळ्याची रक्कम 4,000 कोटी रुपयांहून अधिक ठरवली.

जूनमध्ये ट्रेझरी बिले, म्हणजे सरकारची अल्पमुदतीची कर्जपत्रे, वगळता रेडी फॉरवर्ड सौदेच बंद करण्यात आले. हा निर्णय आजही वादाचा आहे. बंदी आवश्यक होती असे मानले, तरी दोष सौद्याच्या प्रकारापेक्षा नोंदीच्या पद्धतीत होता, आणि पुढे ही बंदी टप्प्याटप्प्याने सैल करावी लागली, यातून तेच दिसते. पद्धत बदलली ती 1995 मध्ये, सरकारी रोखे आणि पैसे यांची एकाच वेळी अदलाबदल सुरू झाली तेव्हा. 2002 पासून हे सौदे संगणकाच्या पडद्यावर नोंदले जाऊ लागले आणि त्यांच्या पूर्ततेची हमी एका स्वतंत्र संस्थेकडे आली.