गोळी स्वस्त, उपचार दूर: भारतातील अपस्मार-सेवेची पार्श्वभूमी

अपस्मारावर, म्हणजे आपण ज्याला फिट येणे किंवा फेफरे म्हणतो त्यावर, फेनोबार्बिटोन हे औषध १९१२ पासून आणि फेनिटॉइन १९३८ पासून उपलब्ध आहे. दोन्ही औषधे स्वस्त आहेत. योग्य उपचार मिळाल्यास सुमारे ७० टक्के रुग्णांच्या फिट थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जगातील सुमारे पाच कोटी रुग्णांपैकी जवळपास ८० टक्के अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात आणि त्यांतील बहुसंख्यांपर्यंत हे उपचार पोहोचतच नाहीत. शतकभर जुनी गोळी कुठे अडली, हे पाहायचे तर वैद्यकाइतकाच समाज आणि कायदाही तपासावा लागतो.

हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वारंवार येणाऱ्या वेडाच्या झटक्यांच्या जोडीला अपस्माराचेही झटके बसवले गेले, आणि अशा व्यक्तीशी झालेले लग्न न्यायालयाकडून रद्द करून घेण्याची वाट मोकळी झाली. हा उल्लेख १९९९ मध्ये काढून टाकण्यात आला. पण कायद्याने दिलेली मुभा जाते तितक्या सहज घरातली धास्ती जात नाही. फिट आली की नाकाला कांदा किंवा चप्पल लावायची, बाहेरची बाधा म्हणून देवऋषी गाठायचा आणि मुलगी असेल तर आजार झाकून लग्न उरकायचे, हा क्रम आजही पुष्कळ घरांत दिसतो. सासरी कळेल या भीतीने गोळ्या डब्याच्या तळाशी दडवल्या जातात, मग चुकतात, मग बंद होतात. आणि गोळ्या अचानक थांबल्या की फिट अधिक जोराने येण्याचा धोका असतो. पुण्यातील ‘संवेदना’सारख्या गटाला आधारगटाबरोबर रुग्णांच्या विवाहाचेही काम हाती घ्यावे लागले, ते यामुळेच.

दुसरा अडथळा अंतराचा. मेंदूविकारतज्ज्ञ प्रामुख्याने मोठ्या शहरांत असल्याने तालुक्याच्या रुग्णाला गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी औषधापेक्षा महाग पडते, आणि हे औषध तर वर्षानुवर्षे घ्यायचे असते. डॉ. के. एस. मणी आणि सहकाऱ्यांनी कर्नाटकातील यळंदूर भागात केलेला प्रयोग म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या कामाने फेनोबार्बिटोन आणि फेनिटॉइन या दोन जुन्या औषधांवर खेड्यातच उपचार चालवता येतात, हे दाखवून दिले. १९९१ मध्ये सुरू झालेल्या ‘लाइफलाइन एक्सप्रेस’ या रेल्वे-रुग्णालयात पुढे अपस्मार तपासणीची भर पडली आणि महाराष्ट्रात मुंबईच्या एपिलेप्सी फाउंडेशनने जिल्ह्याजिल्ह्यांत शिबिरे भरवली. शिबिराची मर्यादा मात्र उघड आहे: तंबू उठल्यानंतर पुढच्या महिन्याची गोळी कोण देणार? त्यामुळे आता आशा सेविका आणि प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्यावर पाठपुरावा सोपवण्याकडे कल आहे. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य सभेने संमत केलेला अपस्मार व इतर मेंदूविकारांविषयीचा २०२२–२०३१ चा कृती आराखडाही याच दिशेचा आहे.

दूरवैद्यकाचे, म्हणजे फोन किंवा व्हिडिओवरून रुग्णाला सल्ला आणि औषध देण्याचे, नियम भारतात मार्च २०२० मध्ये आले, तेव्हा अमली व मनोप्रभावी पदार्थांच्या कायद्याखालील औषधे दुरून लिहून देण्यास मनाई होती, आणि फेनोबार्बिटोन त्यातच मोडत होते. डॉक्टरांनी हा प्रश्न लावून धरल्यावर त्याच वर्षी फेनोबार्बिटोन, क्लोबाझाम आणि क्लोनाझेपाम या अपस्मारावरील औषधांना त्या नियमांत सवलत मिळाली.