मोठ्या टोमॅटोचं बी घेतलंत, आता हे वाचा

पुडीत १० बिया आहेत. किमान ७ उगवायला हव्यात. नाही उगवल्या तर रिकामी पुडी घेऊन या, दुसरी देऊ. टोमॅटो मोठा झाला नाही म्हणून मात्र पुडी बदलून मिळत नाही. का मिळत नाही ते पुढे येईलच.

दर फेब्रुवारीत दोन शनिवार आम्ही दुकानाच्या दारात काटा मांडतो आणि गिऱ्हाइकांनी आणलेले टोमॅटो तोलतो. इतक्या वर्षांत एक गोष्ट ध्यानात आली. आमच्याकडून सगळ्यांत जास्त खतं नेणारे सहसा मागेच राहतात. पुढे असतात ते ज्यांनी डिसेंबरात एक फूल वेळेवर ओळखलं ते. धंद्याच्या दृष्टीने हे छापणं शहाणपणाचं नाही, पण खरं आहे.

मोठा म्हणजे किती?

मंडईतले टोमॅटो किलोत दहा-बारा बसतात. नारायणगावच्या बाजारातून २०-२० किलोच्या क्रेटमध्ये भरून जाणारी संकरित फळं मुद्दाम तशी निवडलेली असतात: घट्ट, एका मापाची, ट्रकात न फुटणारी. ते बी लावून कितीही लाड केले तरी किलोचं फळ येत नाही. त्यासाठी 'डेलिशियस', 'बिग झॅक', 'डोमिंगो' अशा जातींच्या वळणाचंच बी लागतं.

१९८६ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात गॉर्डन ग्रॅहम यांनी 'डेलिशियस' जातीचा ३.५१ किलोचा टोमॅटो पिकवला. तो विक्रम २८ वर्षं टिकला. २०१४ मध्ये मिनेसोटातल्या डॅन मॅकॉय यांनी 'बिग झॅक'चं ३.८१ किलोचं फळ काट्यावर ठेवलं, आणि २०२२ मध्ये त्याच मिनेसोटात आकडा पावणेपाच किलोंच्या पुढे गेला. आमच्या काट्यावर अजून कुणी दोन किलो गाठलेले नाहीत. पुण्यात गच्चीवर किलोभराचं फळ आलं तर शेजाऱ्यांना बोलावून दाखवायला हरकत नाही.

सगळा खेळ जोडफुलाचा

टोमॅटो आडवा कापला की आत कप्पे दिसतात. रानटी टोमॅटोत असे दोनच कप्पे असतात आणि फळ करवंदाएवढं. माणसाने शेकडो वर्षं मोठी फळं निवडत नेली, त्यात कप्पे वाढवणारे जनुकीय बदल टिकून राहिले. मोठ्या जातींच्या फुलात मुळातच बीजकोषाचे कप्पे जास्त असतात. त्यातून कधी कधी कळी बनतानाच दोन, चार, सहा फुलं एकमेकांत मिसळतात आणि एकच दांडगं फूल तयार होतं. परदेशातले लोक त्याला 'मेगाब्लूम' म्हणतात, आम्ही जोडफूल म्हणतो. किलोच्या वरचं फळ येतं ते जवळजवळ नेहमी अशाच फुलातून. साध्या फुलावर तुम्ही पोतंभर खत ओता, ते साधंच फळ देणार. बी बदलून का देत नाही, ते आता कळलं असेल. बियाण्यात जोडफूल येण्याची शक्यता असते. ते आलेलं ओळखणं आणि जपणं तुमच्या हातात आहे.

ओळखायचं कसं? साध्या फुलाला पाच-सहा पाकळ्या असतात, जोडफुलाला पंधरा-वीस किंवा जास्त. देठ गोल नसून चपटा आणि जाड असतो. मधली कुक्षी, म्हणजे पराग जिथे पडतो ते टोक, टाचणीसारखी न दिसता पट्टीसारखी किंवा कंगव्यासारखी रुंद दिसते. घोसातली इतर फुलं शेवंतीच्या कळीएवढी असताना हे एकटंच झेंडूसारखं फुगलेलं असतं. दरवर्षी एकदोघं जण 'रोगट फूल होतं, खुडून टाकलं' असं सांगत येतात. आम्ही चहा देतो, दुसरं काय करणार.

हे फूल बहुधा पहिल्या-दुसऱ्या घोसात आणि घोसातलं पहिलंच असतं. सगळ्या झाडांना येत नाही, म्हणून एकाच झाडावर भिस्त ठेवू नका. निदान चार लावा.

पुण्याची थंडी इथे उपयोगी पडते. फुलात किती भाग असणार हे फूल उमलायच्या तीन-चार आठवडे आधी, कळी डोळ्यांना दिसायच्याही आधी ठरतं, आणि त्या दिवसांत रात्री गार असल्या तर फुलं मिसळण्याचं प्रमाण वाढतं. नोव्हेंबरच्या मध्यापासून आपल्याकडे पारा १५ अंशांच्या खाली जायला लागतो. पाषाण, एनडीए, शिवाजीनगर या बाजूंना तो आणखी उतरतो. मगरपट्टा, कोरेगाव पार्क इथल्या रात्री त्याच दिवशी काही अंशांनी उबदार असतात. त्या भागातल्या गिऱ्हाइकांनी आठवडाभर उशिरा लावलं तर चालेल.

आता गंमत अशी की जी थंडी फूल मोठं करते तीच फळ धरू देत नाही. रात्रीचं तापमान १३ अंशांच्या खाली गेलं की पराग कमजोर होतात आणि फूल गळतं. म्हणून परागण हाताने करायचं. टोमॅटोचा पराग परागकोशाच्या नळीत बंद असतो, तो थरथरीने बाहेर पडतो. मधमाशीला ती थरथर जमत नाही. निळसर काळा मोठा भुंगा घूं घूं करत लोंबकळतो, त्याला जमते. भुंगा येत असेल तर त्याला हाकलू नका. येत नसेल तर सकाळी १० ते १२ च्या उन्हात विजेवर चालणारा टूथब्रश जोडफुलाच्या देठाला दोन-तीन सेकंद टेकवा. असं सलग चार-पाच दिवस करा. कुक्षी रुंद असल्याने पराग एकाच टोकाला पडला तर फळ एका अंगाने फुगतं आणि दुसरीकडे खोल घड्या पडतात. साध्या फुलाचा पराग नखावर झाडून घेऊन तो कुक्षीच्या कडेकडेने लावला तर जास्त चांगलं.

महिने पुण्याचे धरा

इंटरनेटवरचे अमेरिकन लोक मेमध्ये रोप लावतात आणि ऑगस्टात फळ तोलतात. तेच वेळापत्रक इथे धरलं तर रोप आधी उन्हात होरपळतं आणि जूनपासून पावसात कुजतं. ३५ अंशांच्या पुढे फुलं तशीही टिकत नाहीत.

बी २० सप्टेंबर ते १० ऑक्टोबरच्या दरम्यान टाका. चार आठवड्यांनी रोप मोठ्या कुंडीत जातं, डिसेंबरात फूल, फळ धरल्यापासून ५० ते ६० दिवसांनी रंग. म्हणजे फेब्रुवारीचा काटा बरोबर गाठता येतो आणि मार्चचं ऊन फळाला लागत नाही. एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन २६ जानेवारीच्या सुमारास असतं. तोवर फळ तयार हवं असेल तर बी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात टाकावं लागेल आणि परतीच्या पावसात रोपं छताखाली ठेवावी लागतील. आम्ही हे एकदा करून पाहिलं. फळं आली, जोडफूल एकही नाही.

कुंडी, बगलफूट, झोळी

कुंडी ६० लिटरहून लहान नको, १०० लिटर उत्तम. निळं बॅरल मधोमध कापलं की दोन होतात, फक्त त्यात पूर्वी रसायन नव्हतं याची खात्री करा. १०० लिटर ओलं मिश्रण क्विंटलभर तरी भरतं, तेव्हा गच्चीवर ते बीमवर, भिंतीच्या कडेला ठेवा. सोसायटीला आधी विचारा. नंतर विचारण्याचे परिणाम आम्ही ऐकलेले आहेत.

माती, कुजलेलं शेणखत आणि धुतलेलं कोकोपीट समसमान. रोप खालच्या पानांपर्यंत मातीत गाडा, गाडलेल्या खोडालाही मुळं फुटतात. दर दोन-तीन दिवसांनी बगलफूट, म्हणजे पानाच्या बगलेतून फुटणारे कोंब, काढायची, एकच खोड ठेवायचं. जोडफुलाचं फळ सुपारीएवढं झालं की झाडावरची बाकी सगळी फळं आणि फुलं खुडायची. यापुढे येतील तीही. इथे बऱ्याच जणांचा हात चालत नाही. 'दोन राहू दे, सारापुरती' असं म्हणतात आणि शेवटी सारापुरतंच मिळतं. शेंडा मात्र खुडू नका. फळाला पोसतात ती पानं.

फळ लिंबाएवढं असतानाच घोसाच्या दांडीला मऊ कापडाने वरून आधार द्या. देठ एकदा मुडपला की रस जायचा मार्ग अर्धा बंद. फळ संत्र्याएवढं झालं की त्याच्याखाली झोळी बांधा. जुन्या सुती ओढणीचा तुकडा किंवा कांद्याची जाळीदार पिशवी पुरते. झोळीच्या दोऱ्या खोडाला बांधायच्या नाहीत, वेगळ्या बांबूला बांधायच्या. फळ खोडाला किंवा काठीला घासत नाही ना ते रोज बघा, कारण ते फुगतं तेव्हा वाटेत येईल त्याचा ठसा घेतं.

खत, आणि जास्त खत

पहिला महिना १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समसमान असलेलं विद्राव्य खत), लिटरला २ ग्रॅम, आठवड्यातून एकदा. फळ धरल्यावर एका आठवड्यात ०:०:५० (नुसत्या पालाशचं खत) आणि पुढच्या आठवड्यात कॅल्शियम नायट्रेट, त्याच प्रमाणात. ही दोन एका बादलीत कालवू नका. पाणी दुधासारखं होतं, तळाला जिप्सम बसतं आणि झाडाला काहीच मिळत नाही. एवढंच. नत्र जास्त झालं तर झाड माजतं, पान तळहाताएवढं होतं आणि फूल येत नाही.

खतापेक्षा पाणी महत्त्वाचं. फळाचं बूड काळं पडलं की लोक कॅल्शियम मागायला येतात. बहुतेक वेळा कॅल्शियम मातीत असतंच, पण ते पाण्याबरोबरच फळापर्यंत पोहोचतं. दोन दिवस कोरडं आणि तिसऱ्या दिवशी डबडबाट केला की बूड काळं पडतं, फळही तडकतं. रोज ठरल्या वेळी, ठरल्या मापाने पाणी द्या आणि वर पालापाचोळ्याचा चार बोटं थर ठेवा. गुरुवारी नळ बंद असणार असं कळलं तर बुधवारीच बादल्या भरून ठेवा.

रोगकिडींचं थोडक्यात: पांढऱ्या माशीसाठी पिवळे चिकट सापळे पहिल्या दिवसापासून. पानं आखडून बोकडलेलं झाड उपटून टाका, ते सुधारत नाही. पानात कागदासारखे पातळ, वेडेवाकडे चट्टे दिसले तर ती पान पोखरणारी टुटा अळी असू शकते. तसं पान तोडून पिशवीत बंद करा आणि आम्हाला दाखवा. संध्याकाळी पानं भिजवू नका, करपा येतो.

परदेशातून पाकिटात बी मागवू नका. आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला नसलेलं बी आणणं बेकायदेशीर आहे, शिवाय टोमॅटोचे काही विषाणू बियाण्याबरोबरच प्रवास करतात.

काट्यावर

फळ बुडाला केशरी झालं की तोडा. रंग चढायला लागल्यावर वजन फारसं वाढत नाही, तडकण्याची भीती मात्र वाढते. तोडल्यापासून पाणी उडत राहतं, म्हणून त्याच दिवशी आणा, टोपलीत जुना टॉवेल घालून. दुचाकीच्या हुकला पिशवी अडकवून आणलेली फळं आम्ही तोलतो, पण बघवत नाही. देठाची टोपी चालेल, दांडी कापून टाकावी. तडकलेलं चालेल, गळणारं चालणार नाही.

वजन झालं की बी काढू द्या, ही विनंती. या छंदातल्या लोकांची एक पद्धत आहे: बियाण्याला फळाचं वजन, पिकवणाऱ्याचं आडनाव आणि साल अशी ओळख देतात. आम्हीही पुडीवर तेच लिहितो. तुमच्या पुडीच्या मागे जे आडनाव आहे ते याच शहरातल्या कुणाचं तरी आहे. मोठ्या फळात गर भरपूर आणि बिया थोड्या असतात, त्यामुळे एकेक मोलाची. गरासकट वाटीत दोन-तीन दिवस आंबवून, धुऊन, सावलीत ताटलीवर वाळवायच्या. कागदावर नको, चिकटतात. अर्ध्या तुमच्या, अर्ध्या आमच्या.

उरलेला गर घरी न्या, सार दाट होतं. फक्त बी काढायच्या आधी मिक्सरला लावू नका. गेल्या वर्षी एक किलो चारशे ग्रॅमचं फळ पाहुणे आले म्हणून तसंच गेलं.