दोराची लांबी

कडेलोट करणं, सुळावर चढवणं, हत्तीच्या पायी देणं, तोफेच्या तोंडी देणं. मराठीत हे वाक्प्रचार आपण इतक्या सहज वापरतो, की त्यांतला प्रत्येक कुणाच्या तरी अंगावर खरोखर घडला होता हे लक्षातही येत नाही. रायगडावरचं टकमक टोक आजही कडेलोटाची जागा म्हणून दाखवतात. १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावानं विठोजी होळकरांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं. आणि १५ ऑक्टोबर १८५७ रोजी मुंबईत, आजच्या आझाद मैदानाच्या परिसरात, सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन शिपायांना कंपनी सरकारनं तोफेच्या तोंडी बांधून उडवलं. या सगळ्या शिक्षा जमलेल्या लोकांना दिसाव्यात म्हणून होत्या. मरणारा निमित्त होता, धडा बघणाऱ्यांना द्यायचा होता.

त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १८६० मध्ये, भारतीय दंड संहिता आली. मृत्युदंड राहिला, पण त्याची रीत एकच झाली. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३६८ होतं: मरेपर्यंत गळ्याला फास लावून लटकवावं. १९७३ च्या संहितेत तेच कलम ३५४ (५) झालं आणि आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ३९३ (५). आकडे बदलले, वाक्य जवळजवळ तेच राहिलं. अपवाद फक्त सैन्यदलांच्या कायद्यांचा. तिथे गोळी घालण्याचाही पर्याय आहे.

फाशी आपल्याला जुनी, अडाणी पद्धत वाटते. पण आज तुरुंगात जी फाशी दिली जाते ती एकोणिसाव्या शतकातली ‘सुधारणा’ आहे. त्याआधी इंग्लंडात माणसाला थोड्याशा उंचीवरून सोडत, आणि तो बराच वेळ गुदमरत मरे. १८६६ मध्ये डब्लिनच्या सॅम्युअल हॉटन या विद्वानानं गणित मांडलं: माणूस किती उंचीवरून पडला तर मान तत्क्षणी मोडेल? १८७२ मध्ये विल्यम मारवुड या जल्लादानं ते प्रत्यक्षात आणलं. तो मूळचा चांभार. पुढे ब्रिटिश सरकारनं समिती नेमली आणि वजनाप्रमाणे दोराच्या लांबीचा तक्ताच तयार झाला. कैदी जड असेल तर दोर आखूड, हलका असेल तर लांब.

हाच तक्ता थोड्याफार फरकानं आपल्या तुरुंगांच्या नियमावलीत आला. फाशीच्या आधी कैद्याचं वजन करतात. त्याच्या दीडपट वजनाची वाळूची गोणी दोराला बांधून, खटका ओढून, फळ्या उघडून पाहतात. दोर अनेकदा बिहारमधल्या बक्सरच्या तुरुंगातून मागवला जातो. तो तिथले कैदीच वळतात. गणित चुकलं तर दोनच गोष्टी होतात. दोर आखूड पडला तर माणूस गुदमरतो, लांब पडला तर डोकं धडावेगळं होतं. दुसरा प्रकार जानेवारी २००७ मध्ये बगदादमध्ये सद्दाम हुसेनच्या सावत्र भावाच्या फाशीत जगानं ऐकला.

स्वतंत्र भारतानं ही शिक्षा ठेवावी का, हा प्रश्न घटना समितीतच निघाला होता. ३ जून १९४९ रोजी फौजदारी अपिलांवर चर्चा चालू असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी म्हटलं, की सर्वोच्च न्यायालयाला फाशीच्या अपिलांचा अधिकार देत बसण्यापेक्षा फाशीच रद्द करणं उचित. अहिंसा या देशातले लोक पाळत नसतील, पण नैतिक आज्ञा म्हणून मानतात, हा त्यांचा आधार होता. हे मत फार कमी वेळा उद्धृत होतं, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

शिक्षा राहिली. १९८० मध्ये बच्चन सिंग खटल्यात ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ ही कसोटी आली, म्हणजे फाशी फक्त अगदी अपवादात्मक प्रकरणांतच द्यावी; पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या पी. एन. भगवतींनी विरोधी मत दिलं. मग पद्धतीचा प्रश्न आला. फास लावून मारणं हे घटनेच्या कलम २१ शी, म्हणजे जगण्याच्या हक्काशी, सुसंगत आहे का? सप्टेंबर १९८३ मध्ये सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या खंडपीठानं दीना खटल्यात उत्तर दिलं: होय, आहे. मात्र कसोट्याही घालून दिल्या. शिक्षा झटपट आणि साधी असावी, शुद्ध तत्काळ हरपावी, देहाची विटंबना होऊ नये, आणि भीती विनाकारण धारदार करणारं काही असू नये.

पहिल्या तीन कसोट्या खरोखर पाळल्या जातात का, हे कळण्याची सोयच कित्येक वर्षं नव्हती, कारण बहुतेक तुरुंगांत फाशीनंतर शवविच्छेदन सक्तीचं नव्हतं. मान मोडून मरण आलं की गुदमरून, याची नोंद कुठून मिळणार? ती सक्ती २०१४ मध्ये शत्रुघ्न चौहान खटल्यात आली. दयेचा अर्ज फेटाळल्यावर किमान १४ दिवस द्यावेत, हेही तिथेच ठरलं.

विधी आयोगानं २००३ मध्ये प्राणघातक इंजेक्शनचा पर्याय सुचवला. २०१७ मध्ये फाशीच्या पद्धतीविरुद्ध पुन्हा याचिका झाली, आणि २०२३ मध्ये तिच्यावर सरकारकडे वेदनेविषयी शास्त्रीय माहिती मागणारे सरन्यायाधीश होते धनंजय चंद्रचूड. वडिलांनी मिटवलेला प्रश्न चाळीस वर्षांनी मुलासमोर आला.

पण इंजेक्शननं प्रश्न सुटतो असं अमेरिकेचा अनुभव सांगत नाही. १८९० मध्ये न्यूयॉर्क राज्यात विजेची खुर्ची दयाळू म्हणून आली. पहिल्याच माणसाला दोनदा झटका द्यावा लागला. १९८२ मध्ये टेक्सासमध्ये इंजेक्शन आलं. २०१४ मध्ये ओक्लाहोमात एक कैदी इंजेक्शनची प्रक्रिया सुरू झाल्यावर ४३ मिनिटांनी मेला. २०२४ मध्ये अलाबामानं नायट्रोजन वायू वापरला. प्रत्येक वेळी दावा तोच: ही पद्धत आधीच्यापेक्षा माणुसकीची.

माझ्या मते या सगळ्या हिशोबात दीना खटल्यातली भीतीची कसोटी कायम मागे पडली. दोर किती फूट हे ठरवता येतं. फाशी यार्डातली वर्षं कुठल्या तक्त्यात बसवणार? कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोन बहिणींची फाशी मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२२ मध्ये जन्मठेपेत बदलली, ती दयेच्या अर्जाला लागलेल्या अक्षम्य विलंबामुळे. त्यांचा गुन्हा आठवला की आजही अंगावर काटा येतो. तरीही न्यायालयाचं म्हणणं मला पटतं: कोर्टानं दिलेल्या शिक्षेत ही वाट पाहणं नव्हतं.

आणि निकालच चुकला तर काय? जालना जिल्ह्यातल्या २००३ च्या एका प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा जणांची फाशी सर्वोच्च न्यायालयानं २००९ मध्ये पक्की केली. त्यांतल्या तिघांची शिक्षा तर उच्च न्यायालयानं कमी केली होती, ती पुन्हा वाढवून. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि राज्य सरकारनं प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला.

दुसरं प्रकरण पुण्याचं. १९९४ मध्ये एका घरातल्या पाच स्त्रिया आणि दोन मुलांची हत्या झाली. एका आरोपीची फाशी २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायम केली. त्याच्या वयाचा पुरावा राजस्थानातल्या एका शाळेच्या दाखल्यात होता, पण नाव वेगळं लिहिलेलं. तो दाखला न्यायालयानं मान्य केला मार्च २०२३ मध्ये. गुन्ह्याच्या दिवशी त्याचं वय १२ वर्षं ६ महिने होतं. २८ वर्षांहून जास्त काळ कैदेत काढून तो नागपूरच्या तुरुंगातून बाहेर पडला.