डेट्रॉईट नेमकं कुणाच्या पैशाने सावरलं?

जुलै २०१३ मधे अमेरिकेतल्या डेट्रॉईट शहराने कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज टाकला, डोक्यावर देणं साधारण १८०० कोटी डॉलर. आता शहर विकायला काय काढणार? तर देणेकऱ्यांची नजर गेली शहरातल्या कलेच्या म्युझियमवर, कारण तिथली चित्रं शहराच्या मालकीची, आणि ख्रिस्टीज या लिलाव कंपनीने येऊन शहराच्या पैशातून घेतलेल्या कलाकृतींची किंमतसुद्धा काढली, ४५ ते ८७ कोटी डॉलर. म्हणजे एका पारड्यात व्हॅन गॉग आणि दुसऱ्यात रिटायर झालेल्या कर्मचाऱ्याचं पेन्शन.

मग फोर्ड, क्रेस्गे, नाईट वगैरे फाउंडेशनांनी, म्हणजे देणग्या देणाऱ्या खासगी संस्थांनी, मिळून ३६.६ कोटी डॉलर कबूल केले, राज्य सरकार आणि म्युझियमचे देणगीदार धरून २० वर्षांत ८१.६ कोटी. अट एकच, पैसा पेन्शन फंडात जाईल पण चित्रं विकायची नाहीत. चित्रं वाचली, म्युझियम स्वतंत्र ट्रस्टकडे गेलं. साध्या कर्मचाऱ्यांचं पेन्शन तरी ४.५ टक्के कापलं गेलंच आणि महागाईनुसार मिळणारी वाढही गेली, हे कौतुकाच्या बातम्यांत जरा बारीक अक्षरात असतं.

शहर नियोजनाच्या अभ्यासकांना इथे फार मोठा खजिना सापडलाय. अमेरिकेत प्रत्येक खासगी फाउंडेशनला दरवर्षी ९९०-पीएफ नावाचा टॅक्स फॉर्म भरावा लागतो, कुणाला किती दिले ते सगळं त्यात, आणि तो कोणीही बघू शकतो. मग अभ्यासक काय करतात, तर ते आकडे नकाशावर मांडतात, बैठकांची मिनिट्स वाचतात, वस्त्यांमधे जाऊन लोकांशी बोलतात. डेट्रॉईट पसरलंय ३६० चौरस किलोमीटर, आणि जिथे क्रेन आणि कॅफे दिसतात तो मधला भाग जेमतेम १९.

पण खरी अडचण पुढे आहे. पैसा आला आणि भाग सुधारला, म्हणून पैशाने सुधारला असं म्हणता येतं का? आपल्याकडे काही क्लासेस ९५ टक्केवाल्यांनाच घेतात आणि मग बोर्डावर टॉपरचे फोटो लावतात ना, तसंच हे. फाउंडेशन बऱ्याचदा तीच जागा निवडतं जिथे नदीकाठ आहे, युनिव्हर्सिटी आहे, म्हणजे जी कदाचित तशीही वर आली असती. याला सिलेक्शन बायस म्हणतात. आणि डेट्रॉईट एकच आहे, पैसे न मिळालेलं दुसरं डेट्रॉईट तुलनेला आणणार कुठून? म्हणून लोक क्लीव्हलँड, पिट्सबर्ग, फ्लिंट अशा कारखान्यांच्या जुन्या अमेरिकन शहरांकडे बघतात. फ्लिंट तर डोळे उघडणारं प्रकरण, तिथे मॉट फाउंडेशन १९२६ पासून आहे, तरी १९६० ला दोन लाखांच्या आसपास असलेली वस्ती २०२० ला ८१ हजारांवर आली.

कारण मूळ दुखणं टॅक्सचं. १९५० ला डेट्रॉईटमधे साडेअठरा लाख लोक होते, २०२० ला सव्वासहा लाखांच्या थोडे वर. कारखाने गेले, पैसेवाले आणि मुख्यतः गोरे लोक उपनगरात गेले, त्यांचा टॅक्सही तिकडे. पुण्याहून 'डेट्रॉईटला' गेलेले आपले बरेच इंजिनिअर खरंतर ट्रॉय, नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्सला राहतात. गंमत म्हणजे क्रेस्गे फाउंडेशनचं ऑफिससुद्धा कित्येक वर्षं ट्रॉयमधेच! डेट्रॉईटचा मतदार नगरसेवकाला पाडू शकतो, ट्रॉयमधल्या ट्रस्टींना कसा पाडणार, हा प्रश्न मला तरी पैशाच्या आकड्याहून मोठा वाटतो.

वुडवर्ड अव्हेन्यूवरची ट्राम २०१७ ला सुरू झाली, क्रेस्गेने त्यात भरघोस पैसे घातले, लांबी सव्वापाच किलोमीटर, फोटो भरपूर. त्याच्या थोडं आधी, डिसेंबर २०१६ पर्यंत, शहरभर ६५ हजार नवे एलईडी दिवे लागले, जिथे २०१३ ला साधारण ४० टक्के दिवे बंद होते. ते काम झालं बॉण्ड म्हणजे कर्जरोखे काढून, आणि बॉण्ड फेडायचे लोकांच्या वीज-गॅसच्या बिलावरच्या टॅक्समधून.