सोनपाठी सुतार: लहान की मोठा?

सोनेरी पाठ, लाल तुरा आणि खोडाला उभा चिकटलेला पक्षी. एवढं दिसलं की फोटोखाली 'सोनपाठी सुतार' लिहून मंडळी मोकळी होतात. पण सह्याद्रीत आणि गोव्यात या वर्णनात लहान सोनपाठीही बसतो आणि मोठाही. पाठ दोघांचीही सोनेरीच, तेव्हा ती सोडून शेपटीच्या बुडाशी, कंबरेवर बघायचं. कंबर काळी असेल तर लहान, लाल असेल तर मोठा.

अडचण अशी की सुतार पंख मिटून बसला की कंबर बरीचशी झाकली जाते आणि उडेपर्यंत नीट दिसत नाही. अशा वेळी मला गळा आणि मान जास्त भरवशाची वाटते. लहान सोनपाठीचा गळा काळा असतो, त्यावर बारीक पांढरे ठिपके. मानेची मागची बाजूही काळीच. मोठ्याची मान मागून पांढरी. त्याच्या चोचीपासून गालाखाली दोन बारीक काळ्या रेघा निघतात आणि पुढे जाऊन एकमेकींना मिळतात. मधे लांबट पांढरी जागा उरते. डोळा फिकट, चोच चांगली लांब. दुर्बिणीतून हा चेहरा एकदा नीट पाहिला की विसरत नाही.

मादी दिसली तर काम आणखी सोपं. लहान सोनपाठीच्या मादीचं कपाळ काळं-ठिपकेदार असलं तरी मागचा तुरा लालच असतो. मोठ्याच्या मादीच्या डोक्यावर लाल रंग औषधालाही नाही. सगळा तुरा काळा आणि त्यावर पांढरे ठिपके.

लहान सोनपाठी आमराईत, माडांच्या बागेत, अगदी शहरातल्या रस्त्याकडेच्या झाडांवरही भेटतो. मुंग्या हे त्याचं आवडतं खाणं, त्यासाठी तो जमिनीवरही उतरतो. मोठ्याला जुनी, जाड खोडांची झाडं लागतात. वठलेलं झाड 'निरुपयोगी' म्हणून तोडलं जातं तेव्हा सुतारांची ढोली आणि अन्न दोन्ही जातं, याचं फार वाईट वाटतं.

सह्याद्रीत लाल कंबरेचा आणखी एक सोनपाठी आहे. त्याच्या गालावर काळी रेघ एकच, मान मागून काळी आणि पायाला बोटं तीनच. त्यामुळे लाल कंबर दिसली तरी लगेच 'मोठा' म्हणू नये, गालावरच्या रेघा मोजाव्यात.